ताप एक, जंतू तीन

मराठीत 'जंतू' हा शब्द फार ऐसपैस आहे. दूध नासले तर त्यात जंतू झाले, जखम चिघळली तर तिच्यात जंतू शिरले, साथ आली तर हवेत जंतू आहेत. संस्कृतात तर जन्माला आलेला कोणताही जीव म्हणजे जंतू. 'ताप' या शब्दाचेही तसेच. अंग कढत झाले की ताप; मग त्याचे कारण काहीही असो. रोजच्या बोलण्याला एवढे पुरते. पण औषध देण्याची वेळ आली की हा ऐसपैसपणा महागात पडतो. एका जंतूला मारणारे औषध दुसऱ्याच्या केसालाही धक्का लावत नाही, आणि तसे का, याचे उत्तर त्या जंतूच्या कुळात असते.

आजच्या व्याख्यानाचा विषय सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण हा आहे. विषय रुक्ष वाटेल, म्हणून तीन तापांच्या आधाराने तो मांडतो. पहिला प्लेग. तो १८९६ मध्ये मुंबईत आला आणि जवळजवळ शंभर वर्षांनी सुरतेत पुन्हा दिसला. दुसरा हिवताप, ज्याचे कोडे सिकंदराबादेत सुटले. तिसरा माकडताप, जो आज गोव्याच्या सत्तरीत आणि शेजारच्या दोडामार्गात लोकांना ठाऊक आहे. तिन्ही ताप, तिन्ही कीटकांच्या किंवा गोचिडांच्या चाव्यातून पसरणारे, आणि तिन्हींचे जंतू मात्र एकमेकांपासून इतके दूर, की माणूस आणि अळंबे हे त्यांच्या मानाने सख्खे शेजारी म्हणावेत.

गोंधळाचा कप्पा

सूक्ष्मजीव प्रथम पाहणारा माणूस वैद्य नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने पाण्याच्या थेंबातले हलणारे ठिपके पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याविषयी सविस्तर पत्र लिहिले. पुढे अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसने सगळ्या सजीवांना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ केली. पहिले नाव प्रजातीचे, दुसरे जातीचे. वनस्पती आणि प्राणी त्याने शिस्तीत बसवले. मात्र भिंगाखालचे हे जीव कुठे ठेवावेत हे त्याला उमगले नाही. त्याने ते कृमींच्या वर्गात टाकले आणि त्यांच्या प्रजातीला नाव दिले 'केऑस', म्हणजे गोंधळ.

हा गोंधळ प्रामाणिक होता. झाडाचे वर्गीकरण फुलावरून करता येते, प्राण्याचे दात-खुरांवरून. ज्याला ना फूल, ना दात, ना हाड, त्याचे कूळ कशावरून ओळखायचे? एकोणिसाव्या शतकात आकार हाच आधार धरला गेला. काही जीव गोल, काही काडीसारखे, काही मळसूत्रासारखे. १८६६ साली जर्मनीच्या एर्न्स्ट हेकेलने वनस्पती आणि प्राणी यांच्या जोडीला 'प्रोटिस्टा' ही तिसरी सृष्टी मांडली. शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या रॉबर्ट व्हिटेकरने पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली ती हीच पंचसृष्टी.

पहिला ताप: प्लेग

१८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन याने प्लेगच्या गाठीतून काडीच्या आकाराचा जंतू वेगळा केला. दोन वर्षांनी साथ मुंबईच्या मांडवी भागात पोहोचली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत दाखवून दिले.

प्लेगचा जंतू हा जीवाणू आहे. जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. त्या पेशीत वेगळे केंद्रक नसते, पण स्वतःचे अन्न पचवायला आणि स्वतःची संख्या वाढवायला लागणारी सगळी सामग्री असते. बहुतेक जीवाणूंच्या भोवती एक भित्तिका असते, जी आपल्या पेशींना नसते.

या भित्तिकेने वर्गीकरणाला पहिली पक्की खूण दिली. १८८४ साली बर्लिनमध्ये डॅनिश डॉक्टर हान्स क्रिस्टियन ग्राम न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुफ्फुसातले जंतू ठळक दिसावेत म्हणून रंग वापरून पाहत होता. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे. काही जीवाणूंनी जांभळा रंग धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. पहिल्यांना आज ग्राम-धन म्हणतात, दुसऱ्यांना ग्राम-ऋण. रंग धरणाऱ्यांची भित्तिका जाड असते. रंग सोडणाऱ्यांची पातळ, पण तिच्यावर बाहेरून आणखी एक पटल असते. ग्रामच्या मनात वर्गीकरण नव्हते, तरीही आजही प्रयोगशाळेत जीवाणूची पहिली ओळख याच रंगाने होते.

या रंगाचा रुग्णाशी थेट संबंध आहे. पेनिसिलिन भित्तिकेच्या बांधकामावर घाव घालते, पण मूळचे पेनिसिलिन त्या बाहेरच्या पटलातून सहजी आत शिरत नाही. प्लेगचा जीवाणू ग्राम-ऋण. त्यावर पेनिसिलिन उपयोगी पडत नाही. स्ट्रेप्टोमायसिन किंवा टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली औषधे लागतात. ही औषधे भित्तिकेला सोडून जीवाणूच्या आतल्या, प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर हल्ला करतात. १९९४ मध्ये आधी बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा टेट्रासायक्लिनसाठी औषधांच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा बडोदेकरांना आठवत असतील. लोक भ्यालेले होते, पण औषधाचे नाव बरोबर होते. जंतूचे कूळ माहीत असल्याचा तो फायदा.

दुसरा ताप: हिवताप

हिवतापाचे इंग्रजी नाव 'मलेरिया' हे इटालियन शब्दांतून आले आहे. त्याचा अर्थ वाईट हवा. दलदलीवरची हवा बाधते, असा समज होता. १८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ याने रुग्णाच्या रक्तात हलणारा परोपजीवी पाहिला. तो माणसाच्या शरीरात जातो कसा, हे कोडे मात्र राहिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना रुग्णाचे रक्त प्यायलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत या परोपजीवीची वाढ दिसली. बेगमपेठेतली ती वास्तू हैदराबादकरांच्या परिचयाची आहे. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिवतापाचा जंतू जीवाणू नाही. तो आदिजीव आहे. पेशी एकच, पण तिच्यात आपल्या पेशीसारखे केंद्रक आहे. अंतर्गत रचनेत तो प्लेगच्या जीवाणूपेक्षा आपल्याला जवळचा आहे, आणि अडचण इथेच आहे. शत्रू जितका आपल्यासारखा, तितके त्याला मारून आपल्याला वाचवणारे औषध शोधणे कठीण. बुरशीच्या रोगांचेही तेच. बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे, म्हणून शरीरात खोल गेलेल्या बुरशीवरची काही औषधे रुग्णालाही जड जातात.

आदिजीव एवढे म्हणूनही भागत नाही. आपल्याकडे हिवतापाच्या दोन जाती मुख्य. प्लास्मोडियम फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकते. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स सहसा तितकी घातक नसते, पण यकृतात दडून बसते आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणते. ती समूळ काढायला प्रायमाक्विन हे वेगळे औषध लागते. रक्ततपासणीच्या कागदावर जातीचे नाव लिहिलेले असते, ते यासाठी.

इथे एक चकित करणारी गोष्ट सांगायला हवी. जीवाणूंवरचे डॉक्सिसायक्लिन हिवतापावरही काही प्रमाणात चालते. हे कसे? या परोपजीवीच्या पेशीत एक लहानसा अवयव आहे. तो एका शैवालाकडून आलेला आहे, आणि त्या शैवालाने तो त्याहून कितीतरी आधी एका जीवाणूपासून मिळवला होता. म्हणजे हिवतापाच्या जंतूच्या घरात जीवाणूच्या वंशाचा एक भाडेकरू राहतो, आणि औषध त्या भाडेकरूला गाठते. नातेसंबंध नीट माहीत असले की अशी कोडी सुटतात.

नाते मोजण्याची नवी पट्टी

पण नाते मोजायचे कसे? रंग आणि आकार फसवतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वूस यांनी वेगळी पट्टी निवडली. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे कारखाने असतात; त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यातला एक आरएनए रेणू जीवाणूपासून माणसापर्यंत सर्वांत आहे आणि तो फार सावकाश बदलतो. दोन जीवांच्या या रेणूतली अक्षरे ताडून पाहिली की त्यांची वाट किती आधी फुटली याचा अंदाज येतो. कुलवृत्तांत जुळवणारा माणूस दोन घराण्यांचा समान मूळपुरुष शोधतो, तसेच हे काम.

१९७७ साली वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की जीवाणू समजले जाणारे काही जीव जीवाणू नाहीतच. त्यांचे तिसरेच कूळ आहे. त्याला आज आर्किया म्हणतात. आता पेशी असलेल्या सजीवांची मुख्य घराणी तीन मानली जातात: जीवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेले सगळे. माणूस, वड, अळंबे आणि हिवतापाचा परोपजीवी हे सारे तिसऱ्या घराण्यात. आर्किया आपल्याला परके वाटतील, पण गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करतात ते हेच. माणसाच्या एखाद्या रोगाला आर्किया कारण असल्याचे आजवर निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

या पट्टीने जुने हिशेब तपासले गेले. न्यूमोसिस्टिस हा फुफ्फुसाचा रोगकारक कित्येक दशके आदिजीव मानला जात होता. एड्सच्या साथीत त्याने असंख्य बळी घेतले. १९८८ मध्ये आरएनएच्या तुलनेवरून कळले की ती बुरशी आहे. मात्र बुरशीवरची नेहमीची अनेक औषधे तिला लागू पडत नाहीत, कारण ती ज्या घटकावर घाव घालतात तो तिच्या पटलात जवळजवळ नसतोच. कूळ कळले म्हणजे सगळे कळले असे होत नाही. कूळ शोधाची दिशा दाखवते. घरात काय आहे ते दार उघडूनच पाहावे लागते.

तिसरा ताप: माकडताप

तिसऱ्या तापाचा जंतू वूस यांच्या वृक्षावर कुठेच सापडत नाही. त्याला रायबोसोम नाही, पेशीही नाही. तो विषाणू आहे.

विषाणूंचा शोध तंबाखूच्या पानावर लागला. १८९२ मध्ये रशियाच्या इव्हानोव्हस्कीने रोगट पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी रस रोग पसरवतच राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने सांगितले की हे जीवाणूपेक्षा वेगळेच काही आहे. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्लीने त्याचे मिठासाखरेसारखे स्फटिक केले. स्फटिक झालेली वस्तू सजीव म्हणावी की निर्जीव? विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनातला निरोप. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावर ती पेशी तो निरोप वाचते आणि त्याच्याच प्रती काढत बसते. म्हणून विषाणूंचे वर्गीकरण त्या निरोपाच्या लिपीवरून होते. तो डीएनएत आहे की आरएनएत, एकपदरी की दुपदरी, पेशी तो थेट वाचते की आधी उतरवून घ्यावा लागतो. ही मांडणी १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी केली.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. माकडे मरतात म्हटल्यावर पिवळ्या तापाची शंका आली, आणि भारतात कधी न आलेला हा रोग शिरला की काय, अशी भीती निर्माण झाली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, विषाणू वेगळा केला. तो पिवळ्या तापाचा नव्हता, पण त्याच कुलातला होता. डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणूही याच कुलातले. त्याचे सर्वांत जवळचे नातलग मात्र दूर रशियात, गोचिडांतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या गटात निघाले. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तो इकडे आला असेल का, हा प्रश्न पुढे आला, आणि सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या वाटांचा अभ्यास हाती घेतला. विषाणू पक्ष्यांनी आणला असा पुरावा मिळाला नाही, पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराची मोलाची माहिती त्यातून हाती आली.

गेल्या दशकात हा ताप सह्याद्रीच्या कडेने उत्तरेकडे सरकून सत्तरी आणि दोडामार्गात आला. काजूच्या बागांत आणि रानात काम करणाऱ्यांना तो गाठतो. त्याच्यावर थेट लागू पडणारे खात्रीचे औषध नाही. प्रतिजैविके त्याला काहीच करत नाहीत, कारण त्यांनी मोडायची भित्तिका आणि बंद पाडायचा कारखाना दोन्ही विषाणूकडे नाहीत. रुग्णाला वेळेवर दवाखान्यात नेणे, शरीरातले पाणी आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवणे, आणि मुळात रानात जाताना अंग झाकून गोचिडांपासून जपणे, हीच वाट.

विषाणूहूनही साधा रोगकारक आहे. त्याच्याकडे निरोपही नसतो. चुकीच्या घडीचे एखादे प्रथिन शेजारच्या प्रथिनांना तीच घडी शिकवत जाते आणि मेंदू पोखरते. त्याला प्रायॉन हे नाव स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिले. 'जंतू' हा शब्द आता कुठवर ताणावा, हा प्रश्नच आहे.

नाव चुकले तर

नावे चुकतात, आणि चुकीचे नाव मागे उरते. १८९२ मध्ये रिचर्ड फायफरने फ्लूच्या रुग्णांत एक जीवाणू पाहिला आणि तोच फ्लूचे कारण ठरवला. १९१८ च्या महासाथीत त्या जीवाणूविरुद्ध लसी तयार झाल्या. त्या फ्लू रोखू शकल्या नाहीत, कारण फ्लू विषाणूमुळे होतो. माणसातला हा विषाणू १९३३ मध्ये हाती आला. त्या जीवाणूचे शास्त्रीय नाव मात्र आजही हिमोफिलस इन्फ्लुएंझी असेच आहे. ज्या गावी कधी राहिलो नाही, त्या गावाचे आडनाव लागावे तसे.

उलट बाजूही आहे. १९८० च्या सुमारास डीएनएच्या तुलनेतून दिसले की प्लेगचा जीवाणू, येर्सिनिया पेस्टिस, हा पोटाचा तुलनेने सौम्य आजार करणाऱ्या येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसचा इतका जवळचा आहे की दोन्हींना एकच जात म्हणावे. शास्त्राच्या हिशेबाने हे योग्य होते. पण अहवालावर सौम्य जंतूचे नाव वाचून एखादा डॉक्टर किंवा प्रयोगशाळेतला माणूस गाफील राहिला तर? १९८५ मध्ये जीवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय न्याय-समितीने प्लेगच्या जीवाणूचे ते नवे नाव नाकारले. प्लेगला प्लेगचेच नाव राहिले. वर्गीकरण माणसांसाठी असते, हे त्या समितीने जाणले.

'माकडताप' या नावाकडेही याच नजरेने पाहावे. माकड या रोगाचा बळी आहे. वाहक गोचीड आहे. नाव ऐकून माकडावर राग काढला तर रोग हटत नाही. उलट माकड मेलेले दिसले की तो रानात विषाणू असल्याचा इशारा समजून आरोग्य खात्याला कळवायचे असते. रोगाला प्राणी, गाव किंवा लोकसमूह यांचे नाव देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले, ते याच अनुभवातून.

घरातला उपयोग

हे सगळे घरी कुठे उपयोगी पडते? पावसाळ्यात घरात कोणाला ताप येतो. हिवताप असेल, डेंग्यू असेल, विषमज्वर असेल. पहिला आदिजीव, दुसरा विषाणू, तिसरा जीवाणू. पहिल्या दोन दिवसांत तिघांची लक्षणे सारखी दिसू शकतात. अशा वेळी कपाटातली मागच्या वेळची उरलेली प्रतिजैविकाची गोळी देणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे. विषाणू असेल तर ती निरुपयोगी. आपल्या आतड्यातले उपकारक जीवाणू मात्र ती मारते, आणि जे वाचतात ते त्या औषधाला न जुमानणारे असतात. ही ताकद जीवाणू एकमेकांना देतातही. कोरोनाच्या काळात विषाणूच्या रोगात घरोघरी प्रतिजैविके खाल्ली गेली. त्याची किंमत आज खरोखर जीवाणूचा रोग झालेल्या रुग्णाला मोजावी लागते.

म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न संकोच न करता विचारावा: हा जंतू कोणता? उत्तर लगेच मिळेलच असे नाही. मग ते म्हणतील, रक्त तपासू. तपासू द्यावे. कागद आला की त्यावरचे लांबलचक नावही वाचावे. त्या दोन शब्दांत साडेतीनशे वर्षांची मेहनत आहे, आणि आपल्या माणसाला कोणते औषध लागू पडेल याचे बरेचसे उत्तरही.